साक्षीदाराचं नाव

"साहेब चोर हाय, आन् देव डोळे झाकून बसलाय!"

बोरीहून जिंतूरला निघालेल्या एसटीत गंगम्माचा आवाज चढला, तसा मागच्या सीटवरच्या राजशेखरनं रुमाल तोंडावर ओढला. गंगम्मा त्याची काकू, आणि तिच्या शेतावर तहसीलच्या साहेबाचा डोळा होता. समाधी असली तर ते घेता येईना, म्हणून तिथं समाधी नाही, नुसते दगड आहेत, अशी साक्ष द्यायला तो आज निघाला होता, आणि काकू नेमकी पुढ्यात येऊन बसली होती.

"देव झाकत न्हाई डोळे, गंगम्मा," शेजारची ख्रिस्ती एस्तेरबाई म्हणाली. "आमच्या शास्त्रात अहाब राजा हाय. त्याला नाबोथाचा द्राक्षमळा पायजे होता. नाबोथ म्हणला, वाडवडलांची जमीन हाय, देत न्हाई."

"शाबास! मग?"

"राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडांनी ठेचून मारलं."

"आन् देव काय करायलाल्ता?"

"देवानं एलीयाला धाडलं. त्यानं राजाला त्याच मळ्यात गाठून सुनावलं, नाबोथाचं रक्त कुत्र्यांनी चाटलं, तुझंबी चाटतील. तसंच झालं."

"लय उशिरा धाडलं, बाई! नाबोथ तर मेला. आन् साक्षीदारांचं काय झालं?"

"ते लिवलेलं न्हाई. त्यांची नावंबी न्हाईत."

"माझ्या साक्षीदाराचं नाव मला ठावं हाय."

गंगम्मा उठून मागं वळली.

"राजशेखर, काढ तो रुमाल! समाधीच्या खड्ड्यात उतरून तुझ्या काकाला तूच मांडी घालून बसवलंस, त्याच्या हातात इष्टलिंग तूच ठेवलंस. त्या दगडांखाली कोण हाय? साहेबाला मागून सांग, आदी मला सांग!"