कापसावरून मोजलेला जिना

...आणि वरून मलाच विचारतात, "एवढ्याशा जिन्यासाठी एवढी कटकट कायले केली व तू?" मी केली? तुम्हाला सांगते, कटकटीत आमच्या घरात माझा नंबर शेवटचा. आधी बाबा, मग आई, मग कापूस, आणि त्यातून काही उरलंच तर मी. मला फक्त वर जायचं होतं. वर म्हणजे फार वर नाही हो, आमच्याच घराच्या माळ्यावर, जिथे तुरीचं बियाणं, मोडका पाळणा आणि फवारणीचे दोन फुटके पंप सुखाने राहत होते. तिथे एक टेबल टाकायचं आणि सेटच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. यवतमाळला राहून एमएस्सी केलं, आता कॉलेजात शिकवायचं तर ती परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिला राहिले होते तीन महिने.

तुम्ही म्हणाल, स्वतःची खोली नव्हती का? होती की. तिथे कापूस राहायला आला होता.

झालं काय, आदल्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला. मग त्या साली भाव पडल्यावर आमच्या दिग्रसकडे कोणी कापूस घराबाहेर काढीच ना. त्यात आमचे बाबा, पुंडलिकराव, सगळ्यांच्या पुढे. समोरच्या खोलीत कापूस, माझ्या खोलीत छातीएवढा कापूस, पलंग कुठे आहे ते फक्त मला आठवत होतं. "बाबा, विकायचा कधी?" बाबा सुपारी कातरत शांतपणे, "भाव आला का इकू." जसा काही भाव म्हणजे पुण्याहून निघालेला पाहुणा, गाडी जरा उशिरा आहे एवढंच. बरं, घरात साठलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात, तसेच राहा.

तर माळा. समोरच्या खोलीतून वर जायचं, आणि तिथे भिंत आणि कापसाचा ढीग यांच्यामध्ये दोन फुटांची वाट उरलेली, तीही तुडवलेल्या कापसाची. नेहमीचा जिना बसवायचा तर दहा फूट जागा लागते, आणि त्या दहा फुटांत कापूस झोपलेला. बाबा म्हणाले, "शिडी हाय ना." मी शिडीवरून जायलाही तयार होते, तर आई, म्हणजे आमच्या मैनाबाई, आतून, "उद्या पाहुणे तुले पाहाले आले अन् तू शिडीवरून उतरली तं?" म्हटलं, मग पाहुणे लवकर जातील, बरं आहे की.

शेवटी मी दिग्रसला बसस्टँडमागे वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि देवसिंगभाऊंना घेऊन आले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. जिना एक, चकरा पाच, आणि दरवेळी आमच्या घरच्यांचं सगळं ऐकून घ्यायचं. त्यांनी मोबाईलवर आधी गोल जिना दाखवला, खांबाभोवती फिरत जाणारा. छान होता. बाबांनी फोन लांब धरून पाह्यला, जवळ धरून पाह्यला. "याच्यातून पोतं कसं वळन?" म्हटलं, "बाबा, पोतं कशाला वर जाईल? मी जाणार आहे." "आज तू जाशीन, उद्या पोतं जाईन." गेला गोल जिना. मग घडीचा. दोरी ओढली की खाली येतो, वर गेलं की घडी करून ओढून घ्यायचा. आई कमरेवर हात ठेवून, "अन् हिनं वर ओढून घेतला अन् जेवालेच नाही उतरली तं? मी काय खालून ठेचा फेकू?" गेला घडीचा. मला फक्त वर जायचं होतं, पण तुम्हाला सांगते, या घरात वर जाण्याआधी खाली कशी येणार ते सिद्ध करावं लागतं.

तिसरा जिना पाहून मात्र मी हट्टच धरला. उभा, अरुंद, दोन फुटांत बसणारा, आणि प्रत्येक पायरी अर्धीच... एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची, परत डाव्या पायाची. बाबांनी फोन परत जवळ धरला. मला वाटलं, जमलं. तर हळूच, "पहिला पाय कोणता?"

झालं. पहिला पाय उजवाच पाहिजे. आणि पायऱ्या विषम पाहिजेत. बोटांवर हिशेब सुरू. देवसिंगभाऊ म्हणाले, "काकाजी, उंचीले आठच बसते." "आठ नाही जमत." "मंग वरचा माळा नववा धरा ना." बाबांनी डोळे मिटून मनात चढून पाहिलं, मग मान डोलावली. माप घ्यायचं ठरलं. आता कापसावर चप्पल घालून कोणी पाय देत नाही, म्हणून बाबा ओरडले, "चप्पल काढ रे." देवसिंगभाऊ चप्पल काढून वाटेत उभे राहिले, बाबा शिडीवरून वर गेले, टेपचं एक टोक वर, एक खाली, माप झालं, चहा झाला. मी तिथेच उभी होते. एमएस्सी झालेली. मला तरी काही सुचलं का? नाही.

आठ दिवसांनी जिना आला, भिंतीला बोल्ट मारून बसला, आणि पहिली पायरी निघाली डाव्या पायाची. देवसिंगभाऊंनी "हा उजवा ना काकाजी?" म्हणून हात दाखवला होता बाबांकडे तोंड करून, आणि बाबांनी समोरून हो म्हटलं होतं; एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. आता दोघंही एकमेकांकडे बघेनात. मी म्हटलं, राहू द्या, डावा पायही माझाच आहे. पण खरं सांगू? ज्या माणसाला जिना नको होता, तोच सगळ्यांत आधी चढला. नुसता चढला नाही, प्रत्येक पायरीवर एका पायाने उभं राहून उड्या मारल्या. देवसिंगभाऊ म्हणाले, "काकाजी, तुटीन नाही तो, तुम्ही पडसान." "माही पोरगी चढणार हाय याच्यावर," म्हणाले, आणि अजून एक उडी मारली. मी तेव्हा तोंड फिरवून कापसाकडे बघत बसले.

तर वर टेबल लागलं. पण खाली-वर करताना पाय कापसातूनच, आणि वर पत्र्याखाली ऊन. खाजवून खाजवून माझे हात लाल. आई खोबरेल तेल घेऊन त्या अर्ध्या पायऱ्या मोजत चढायची, "डावा... उजवा... डावा... मेला कोणता आला आता?" आणि मला तेल लावून तशीच मोजत उतरायची. दिवसातून तीनदा, गुडघे दुखत असताना.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले आणि एका सकाळी बाबा वर आले. डाव्या पायाबद्दल एक अक्षर नाही. माझ्या वहीकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. "परीक्षा पुढं नाही ढकलत का ते लोक?" म्हटलं, नाही. "बरं," म्हणाले आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी दारात गाडी. चार माणसं कापूस भरून राहिली होती. मी पळत खाली आले, "बाबा, भाव आला?" सुपारी कातरत म्हणाले, "भाव काय, येत राहीन. तुही तारीख नाही थांबत म्हणते."

मी झाडू घेतला.

आणि झाडताना दिसलं... जिना हवेत. खालचं टोक जमिनीपासून सव्वा फूट वर लटकून राह्यलेलं. देवसिंगभाऊ पाचव्या चकरेला आले, वाकून पाहिलं, डोकं खाजवलं. "काकाजी, आपण कापसावरून मोजलं." "तूच उभा होता कापसावर." "तुम्हीच म्हणाले ना चप्पल काढ." तळाशी लोखंडाची एक पायरी जोडू म्हणाले. बाबा म्हणाले, थांब. आत गेले आणि गादीसाठी मागे ठेवलेलं कापसाचं गच्च पोतं ओढत आणलं, जिन्याखाली ठोकून ठोकून बसवलं. त्यावर उजवा पाय ठेवला, मग डावा पहिल्या पायरीवर. चेहरा असा खुलला म्हणून सांगू. "पाह्य, उजवा. अन् नऊ झाल्या." आई म्हणाली, "माळा धरून दहा होते." बाबा म्हणाले, "माळ्याले कोणी पायरी म्हणते का?"

परीक्षा पास झाले मी. दिग्रसच्या कॉलेजात शिकवते. पहिल्या महिन्यातच म्हटलं, बाबा, आता तरी ते पोतं काढू, लोखंडाची पायरी करून घेऊ. सुपारी कातरणं थांबलं नाही. "लोखंड कायले? हे काय कायमचं हाय का? भाव आला का इकू."

दोन वर्षं झाली. पायरी अजून तिथेच आहे.