वायरलेसवर न मारलेली हाक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, मित्रदेशाच्या नौदलातून खास आलेले कमांडरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या कक्षप्रमुख मॅडम, त्यांचे कुटुंबीय आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी एक दुरुस्ती. सूत्रसंचालकांनी आम्हाला 'जहाज खातं' म्हटलं. आम्ही 'ताफा मार्ग कक्ष'. युद्धाची चिन्हं दिसली की मित्रदेशाकडे इंधन, औषधं नेणारी जहाजं सुखरूप पोचवायची, हे आमचं काम. मी नाविक विद्यालयाची पायरी चढलेलो नाही. समुद्राचे नकाशे माझे मीच शिकलो. आणि चांगले शिकलो! हसा, हरकत नाही.

आमच्या टेबलावर नकाशा, नकाशावर लाकडी जहाजं. ताफा निघाला की मित्रदेशाच्या युद्धनौका त्याला ताब्यात घेईपर्यंत वायरलेस बंद. आपण वेगाच्या अंदाजाने लाकडी तुकडे पुढे सरकवायचे, बस्स.

मागच्या तणावातली गोष्ट. सांगायची परवानगी मी रीतसर घेतली आहे. सामुद्रधुनीत परकी पाणबुडी शिरल्याची खबर होती. भर दुपारी याच कमांडरसाहेबांचा फोन आला, "ताफा दिसला. पण तुमचा तेलाचा टँकर त्यात नाही. हाक मारा त्याला!"

त्या टँकरवर मुख्य इंजिनिअर कोण? मॅडमचे सख्खे धाकटे भाऊ.

मी म्हणालो, "मॅडम, एकदाच हाक मारू."

"ती हाक तो एकटाच ऐकेल का?"

"निदान जिवंत आहेत का, ते तरी..."

"त्याने ओ दिली, तर तो कुठे आहे ते पाणबुडीलाही कळेल. माईक खाली ठेवा."

बाकीचे तुकडे पुढे सरकले. टँकरच्या तुकड्यावर बोट ठेवून मॅडम उभ्या राहिल्या. चहा आला, निवला, परत गेला. बोट हललं नाही.

संध्याकाळी पुन्हा फोन. टँकर आला! इंजिन बंद पडलं होतं. दुरुस्त करून मुकाट आला. पाणबुडी जवळूनच गेली होती. कमांडरसाहेब मान डोलावताहेत बघा.

पुढे मॅडमच्या घरी जेवताना भाऊसाहेब तावातावाने म्हणाले, "नियम मलाही पाठ आहे गं ताई. पण आम्ही तिथे नुसते तरंगतोय आणि तुमच्याकडून एक हाक नाही? त्या टेबलाशी माणूस होता की दगड?"

"मला काय ठाऊक? माझी सुट्टी होती," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तेव्हापासून प्रत्येक जेवणात त्या दगडाचा उद्धार चालू आहे म्हणे.

मॅडम मला बसायची खूण करताहेत. बसतो. पण भाऊसाहेब, सुट्टी नव्हती. तो दगड इथे व्यासपीठावर मधोमध बसला आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचा मी ऋणी आहे. मॅडम, बोलू नये तेही बोललो, तेवढं पदरात घ्या. आणि मंडळी, भाऊसाहेब उठलेत. जरा खुर्च्या सरकवा, त्यांना व्यासपीठाकडे यायला वाट द्या.