आबांविषयी चार शब्द

(कसबा बावडा, कोल्हापूर. रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेनऊ. गवंडी गणपतराव यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तासाभरावर आला आहे. स्वयंपाकघरात त्यांची पत्नी पारूबाई, मुलगा नागसेन आणि गेली सहा वर्षे जर्मनीत परिचारिका असलेली मुलगी श्रुती.)

नागसेन : हा कागद तू वाचणार नाहीस. ‘स्वर्गीय गणपतराव हे एक समर्पित बांधकाम व्यावसायिक होते.’ स्वर्गीय? आपल्या बौद्धांत कालकथित म्हणतात, तेही विसरलीस?

श्रुती : ते माझं नाही, दादा. मी जर्मनमध्ये लिहिलं. मराठी मोबाईलनं केलं.

नागसेन : बापाविषयी जर्मनमध्ये!

श्रुती : तेच आधी आलं.

नागसेन : मी वर्गात मराठी शिकवतो. सहा वर्षांत मातृभाषा जाते, हे मला पटवू नकोस. ही ऐट आहे.

श्रुती : गेली नाही. तू बोललास की सगळं कळतं. मी बोलायला गेले की तिकडचा शब्द पुढं येतो आणि दारात आडवा उभा राहतो. मागच्याला वाटच देत नाही. आधी मीच मराठी मागं ढकललं. पेशंट कळवळत असताना शब्द शोधत बसता येत नाही.

नागसेन : बरं. आबा भिंत सरळ आहे का, हे कशानं बघायचे?

श्रुती : दोरी... खाली वजन... लोट.

नागसेन : लोट?

श्रुती : तिकडं लोटच म्हणतात. हातात दे, धरून दाखवते. लहानपणी मीच धरायचे.

नागसेन : ओळंबा! गवंड्याच्या पोरीला ओळंबा आठवत नाही, आणि ही दोनशे माणसांपुढं उभी राहणार. लोक हसतील. आई, मी एकटाच बोलतो.

श्रुती : मातीला पोचले नाही मी, दादा. आज तरी बोलू दे.

पारूबाई : झालं तुमचं? नागसेन, हिचा रविवारी फोन यायचा, ठावं हाय न्हवं?

नागसेन : त्याचं काय?

पारूबाई : ही मधीच गप व्हायची. मी म्हणायची, रेंज गेली, ठिवा की. तर हे म्हणायचे, “थांब गं, पोरगी शब्द हुडकाय लागलीया.” माझी भाकरी करपायची, पर हे आपलं कानाला लावून बसल्यालं.

श्रुती : मला कधी बोलले नाहीत.

पारूबाई : कशाला बोलतील?

नागसेन : आई, ते घरातलं होतं. तिथं सगळ्यांसमोर अडली तर?

पारूबाई : अडली तर लोक थांबतील. कागद ठेव तिकडं. आधी श्रुती बोलंल, मग तू.