भोकं जुळतात, म्हणून काय झालं

नाही, बसतो म्हणजे झालं असं नसतं, साहेब — बसायला हाही बसेल, बघा, दोन्ही भोकं बरोब्बर जुळतात, बोल्टही तेच, पण म्हणून हा कार्बोरेटर तुमच्या इंजिनाचा आहे का? अंगावर नंबर ठोकलेला असतो, इथं बाजूला — गंजलाय, थांबा, घासतो जरा. होडीच्या मागं लावायचं असलं जुनं इंजिन आता बघायला मिळत नाही, कंपनी कधीच बुडाली, आणि त्या शहाण्यांनी काय केलं होतं माहितीय? लहान इंजिन, मोठं इंजिन, दोघांचे कार्बोरेटर बाहेरून अगदी सारखे! फरक आत. हे पितळेचं भोक दिसतंय ना, ह्यातून पेट्रोल जातं — लहानाचं जरा बारीक. डोळ्याला कळतसुद्धा नाही.

पिंपात चालवून बघू म्हणता? अहो, पाण्याच्या पिंपात कुठलंही इंजिन झकास चालतं, तिथं ओझं कुठं असतं! दादाचंही चाललं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मासेमारी करायचा — इंजिन हेच, ह्याच जातीचं. त्यालाही तुमच्यासारखीच घाई. मी म्हटलं, बसतोय ना, मग झालं तर — नंबर घासून बघायचा कंटाळा केला आणि लहान इंजिनाचा बसवून दिला. दोन मिनिटांचं काम हो! खाडीच्या तोंडाशी भरलेली होडी, समोरून लाटा, त्यानं पूर्ण रेस दिली असणार — आणि पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमीच पोचतं, ते पेट्रोलातच मिसळलेलं असतं — पिस्टन जाम. होडी आडवी झाली. दादा तिसऱ्या दिवशी सापडला.

इंजिन मीच खोललं, दुसरं कोण खोलणार? सगळे भोवती उभे, वहिनी पण. पिस्टनवर चरे पडलेले. असे चरे कशानं पडतात? कार्बोरेटर चुकला तर, नाहीतर माणूस पेट्रोलात तेल घालायला विसरला तर. दिसायला सारखेच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — दादा तेल घालायला विसरला. कुणी विचारलंही नव्हतं अजून.

खरं सांगितलं का म्हणता? कुणाला, वहिनीला? नऊ वर्षं झाली, साहेब. तिनं त्याचा फोटो उतरवून ठेवलाय. पोरगी जरा काही विसरली की म्हणते, बापावर गेलीस — आणि पोरगी मान खाली घालते. वर मला म्हणते, भावजी, तुम्ही होतात म्हणून घर उभं राहिलं. काय सांगू तिला? वहिनी, इतकी वर्षं तुम्ही भलत्याच माणसाला बोल लावलात, असं? सांगायला हवं, कळतं मला, लाज वाटते मला माझी — आणि रोज तिच्याच हातचं जेवतो.

नाही, तुम्ही काही बोलू नका. हा कार्बोरेटर तुमचा नाही, एवढं ऐका आणि इंजिन उचला. मला नाही करायचं हे काम, दुसरा मेकॅनिक बघा. आणि तिकडून नको, ओसरीवर वहिनी बसलेली असते, काय झालं म्हणून विचारेल — ह्या मागच्या दारानं जा.