परतीच्या गाडीला आरक्षण लागत नाही

मंडळी, ऐका! आज आख्यानाला राजा नाही, राक्षस नाही. आज आहे — मोबाइल!

हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या हातात तोच आहे. ते दुसऱ्या रांगेतले काका, खिशात घाला हो. कीर्तन संपेपर्यंत जग बुडत नाही, बुडालं तर मी सांगेन!

तर प्रश्न असा. घराला नवं दार बसवलं, कड्या नव्या, कुलूप नवं. आणि घरातला एक माणूस बाहेर गेलाय, त्याच्या हातात जुनी किल्ली. आता मला सांगा, ती किल्ली चालली पाहिजे की नाही? दार तुमचं, सुतार तुमचा, पैसा तुमचा. पण बाहेर उभ्या माणसाचं काय? तुम्ही म्हणाल, त्याला नवी किल्ली द्यावी. बरोबर! पण द्यायची कोणी? आणि तो बाहेर आहे, हे आठवायचं कोणी?

*नवे दार ते नव्या कड्या अन् नवी झळाळे किल्ली।*
*बाहेर उभा कोण कुणी हो, चौकशि नाही केली॥*

साकी माझीच आहे. वाईट असेल तर मला नावं ठेवा, पेटीवाल्या वामनरावांना नको.

माझा एक बालमित्र, भालचंद्र हसबनीस. विट्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक. तुम्ही त्याला पाहिलं नसेल, पण त्या बाजूला गेला असाल तर ऐकलं असेल! ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. तासगावमार्गे सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.’ काय आवाज! झोपलेला माणूस उठून गाडीत बसायचा — कधी कधी चुकीच्या गाडीत, पण बसायचा!

आणि हा आवाज घरीही तसाच बरं का. ‘कमलिनी, आमटीत मीठ कमी असल्याचे आढळून आले आहे.’ कमलिनीवहिनी आतून म्हणायच्या, ‘प्रवाशांनी स्वतः घालून घ्यावे!’

अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल. सगळा. कायमचा.

मंडळी, ज्याचं पोट बोलण्यावर, त्याला हे ऐकून काय झालं असेल? मीही बोलण्यावरच जगतो. मला ताप आला होता, खोटं कशाला सांगू!

पण त्या इस्पितळात एक बाई होत्या, बोलायला शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘फोनमध्ये एक ॲप आहे. ऑपरेशनच्या आधी तुमची वाक्यं त्यात बोलून ठेवा. नंतर बटण दाबलं की तुमच्याच आवाजात वाजतील.’ भालूने नऊ दिवस घेतले. चारशे बारा वाक्यं! ‘चहा हवा.’ ‘पंखा लावा.’ ‘पाठ दुखते.’ माझ्यासाठी खास एक बटण — ‘नऱ्या, पुरे आता तुझं बोलणं!’ आणि शेवटचं, चारशे बारावं, त्याने खोलीचं दार लावून भरलं. कोणाला ऐकवलं नाही. वहिनींना एवढंच म्हणाला, ‘हे शर्वरीच्या पाठवणीला वाजवीन.’ शर्वरी त्याची एकुलती एक. तेव्हा आठवीत होती.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. पण फोन बोलायचा! नऊ वर्षं भालू त्या फोनवर बोलला, भांडला, भाजी घेतली. भाजीवाली फोनशी घासाघीस करायची!

आणि मग शर्वरीचं लग्न ठरलं. शुक्रवारी लग्न. सोमवारी मी त्याच्या घरी हजर, मुक्कामाला, घरचा म्हणून. आता नीट ऐका, इथे खलनायक येतो.

दुपारची वेळ. पुरणपोळी अंगावर आलेली. भालू आत लवंडला होता, फोन चौरंगावर. माझा फोन बंद पडला होता आणि मला तंबोरा हवा होता — हो, माझा तंबोरा फोनात असतो, वामनराव, तोंड वाकडं करू नका — म्हणून मी भालूचा फोन उचलला. तर वर सूचना! ‘नवी आवृत्ती तयार आहे.’ आणि खाली लिहिलेलं, आधी सतरा वेळा ‘नंतर’ म्हटलंय.

सतरा वेळा! मी म्हटलं, काय हा आळशी माणूस! मित्राने मित्राच्या उपयोगी पडू नये तर काय करावं? आणि मंडळी, मदतीची खाज फार वाईट. मी दाबलं — ‘आत्ताच करा.’ ‘मान्य आहे का?’ मान्य! ‘वाचलं का?’ वाचलं! कुठे वाचलं? कोण वाचतो? तुम्ही वाचता? हात वर करा! … बघा. एकही नाही.

कळलं ना खलनायक कोण ते? या गादीवर उभा आहे, पगडी घालून!

पाऊण तासाने भालू उठला. चहा मागायला बटण दाबलं. गप्प. पुन्हा दाबलं. फोनवर अक्षरं आली — ‘हे ॲप फोनच्या नव्या आवृत्तीसाठी बनवलेले नाही.’ संपलं! नऊ वर्षं ज्याने बोलतं ठेवलं, त्याला एका ओळीत नारळ!

भालूने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. अहो, शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण शिवी द्यायला आवाज कुठला? शिवीचं बटणही त्यातच!

मी ॲप करणाऱ्याचा पत्ता काढून फोन लावला. तो बिचारा सभ्य निघाला. म्हणाला, ‘बुवा, आम्ही तिघे होतो. दोघे नोकरीला लागले. फोनवाले दर वर्षी नियम बदलतात, आणि दर वर्षी सगळं नव्याने बांधायचं. चाळीस माणसं वापरायची हो ते. चाळिसांसाठी किती बांधू?’

माझा पुतण्या फोनच्या धंद्यातला, इंजिनियर. त्याला झापला. तो म्हणतो, ‘काका, जुनं सगळं चालू ठेवायचं तर जुनी भोकंही उघडी ठेवावी लागतात. चोर त्यातूनच शिरतात.’ म्हटलं, बाबा, भोक बुजव! चोर अडव! पण भोक बुजवताना आत एक माणूस बोलत होता, त्याला आधी हाक मारायची की नाही? तर म्हणतो, ‘सूचना दिली होती ना.’ कोणाला दिली? मला दिली! पुरणपोळी खाल्लेल्या माणसाला!

संताप येतो मंडळी. चूक कोणाचीच नाही आणि माणूस मुका! असा कसा हा कारभार?

मी भालूला म्हटलं, ‘ते शेवटचं वाक्य लिहून दे. पाठवणीला मी म्हणतो. असं म्हणेन की मांडव रडेल.’ त्याने पाटी ओढली आणि खसाखसा लिहिलं — ‘तुझा आवाज सगळ्यांचा आहे. मला माझा हवा.’



मंगळवारी वहिनी त्याला स्टँडसमोर शबाना मुल्लाच्या दुकानात घेऊन गेल्या. मोबाइल दुरुस्त करते ती. मीही मागे मागे, मान खाली घालून. तिने फोन पाहिला. म्हणाली, ‘मामा, आवाज कुठं जातोय? आतच हाय की. दार बदललंय निस्तं.’

मी म्हटलं, ‘मग जुनं दार परत बसव.’

‘मागं जाता येत न्हाई, बुवा. मागं गेलं की सगळं पुसतंय. आतलं बाहेर काढता येतंय का बघू या. आणि तुम्ही कशाला हात लावू नका.’

दोन दिवस खपली ती! गुरुवारी सकाळी आवाज बाहेर आले. चारशे बारा. पण नावं नाहीत, क्रम नाही, नुसते आकडे, तेही विस्कटलेले. एकेक ऐकायचं! दुकानात आम्ही चौघे. ‘डास फार झालेत.’ पुढे. ‘तासगावची गाडी रद्द.’ पुढे. ‘कमलिनी, चूक माझीच होती.’ वहिनी म्हणाल्या, ‘हे बटण नऊ वर्षांत एकदाही दाबलं नाही हो यांनी!’ भालू लाजला. पुढे. ‘नऱ्या, पुरे आता तुझं बोलणं!’ — आणि मंडळी, मला रडू आलं. शिव्या खाऊन इतका आनंद कधी झाला नव्हता.

तीनशे सत्तरच्या पुढे कुठेतरी नुसतं ‘प्रवाशांनी’ एवढंच वाजलं, आणि भालूने झडप घालून हाताने आवाज दाबला. सापडलं! ऐकू दिलं नाही आम्हाला.

शुक्रवार. पाठवणीची वेळ. शर्वरी वडिलांसमोर उभी. तिला वाटलेलं, बाबा मुके, नुसता हात ठेवतील डोक्यावर. भालूने मांडवातल्या कर्ण्याकडे बोट केलं. शबानाने कळ दाबली.

‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कुमारी शर्वरी हसबनीस यांची गाडी फलाटावर लागली आहे. गाडी कुठे जाणार, याची माहिती नियंत्रण कक्षाला अद्याप मिळालेली नाही. परतीची गाडी मात्र केव्हाही आहे. तिला आरक्षण लागत नाही.’

…

थांबा. मलाही जरा थांबू द्या.

पुढे शबानाने खणातला एक जुना फोन काढला, त्यात ते जुनं ॲप घातलं, बटणं लावून दिली. भालू आजही त्यावरच बोलतो. फोनच्या पाठीवर कागद चिकटवलाय — ‘बुवांनी हात लावू नये.’

आता तुम्हाला वाटलं असेल, बुवा शेवटी म्हणणार, म्हातारी माणसं म्हणजे जुनी ॲपं, त्यांना सांभाळा. नाही! एवढा स्वस्त उपदेश करायला मी आलेलो नाही.

मी तुमच्या या नव्या सभामंडपाबद्दल बोलणार आहे. मगाशी अध्यक्षांनी मला हौसेने दाखवला. चकचकीत फरशी! मध्ये एक खांब नाही! कोणाच्या आड कोणी येत नाही! पाटीवर सोन्याच्या अक्षरांत शब्द आहे — जीर्णोद्धार. शब्द फोडा. जीर्णाचा उद्धार! जुनं होतं ते वर उचलणं. काढून टाकणं नव्हे!

आत येताना चपला काढल्या, तिथे एक बाई बसलेल्या. सोनाबाई लोहार. डोळ्यांनी दिसत नाही. म्हटलं, ‘आजी, आत चला.’ म्हणाल्या, ‘बुवा, चाळीस वर्सं खांब मोजत येत हुते. पाचव्या खांबाला टेकून बसायची. आता खांबच न्हाईत. मधी उभी राहिले तर देव कुठल्या अंगाला, त्येच कळंना. हितं भोंगा ऐकू येतोय, बरं हाय.’

देणगी तुम्ही दिलीत. नकाशा तुम्ही पास केलात. वर्षभर बांधकाम चाललं. खांब काढताना एकाने तरी विचारलं, हे कोणी मोजतं का? फोनच्या कंपनीला मगाशी सगळ्यांनी नावं ठेवलीत. टाळ्या वाजवल्यात! तिला चाळीस माणसं आठवली नाहीत. तुम्हाला एक आठवली नाही.

खांब परत लावा म्हणत नाही मी. दारापासून गाभाऱ्यापर्यंत दोरी बांधा. सुंभाची चालेल. पाच गाठी मारा.

ते उद्या. आत्ता — गुरुजी, आरती पेटवू नका. वामनराव, पेटी मिटा. सोनाबाई बाहेर भोंग्यावर हे सगळं ऐकतायत. कोणीतरी उठा.

मी थांबलोय.