पहिल्या नंबरावरची नोरीन

– म्हणजे मी पहिली नाहीच म्हणतेस? अगं टेगन, रोज सकाळी कुत्र्यांना खायला घातलं की मी गूगलवर टाकते, 'कुत्र्यांचं वसतिगृह, मॅफ्रा', आणि रोज मीच सगळ्यात वर – नोरीन हॅलम, फोटोसकट. आता तुझ्या फोनवर मी पाचवी कशी? काय? माझा कॉम्प्युटर मला ओळखतो, म्हणून माझंच पान मला आधी दाखवतो? म्हणजे इतकी वर्षं मी आरशात बघून स्वतःलाच मार्क देत होते म्हण की. हसू नकोस. बरं, हस – पण ते बिस्किट रेक्सला देऊ नकोस, तो पाहुणा आहे, त्याची मालकीण बालीला गेलीय आणि तिथून रोज त्याचं वजन विचारते.

आणि हे काय केलंस – सगळं पान एकदम निळं कसं झालं? बाई गं. ती लपलेली अक्षरं दिसायला नको होती. ती माझी युक्ती आहे. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं – कुत्रा, कुत्री, वसतिगृह, मॅफ्रा, परत कुत्रा, परत मॅफ्रा – माणसाला दिसत नाही पण मशीन वाचतं आणि खूश होतं, असं बोलिंग क्लबातल्या डेसनं सांगितलं. डेसला यातलं फार कळतं. निदान डेसला तसं वाटतं. उलटं होतं? मशीनला लबाडी कळते? मग मी चष्मा लावून एकेका बोटानं ते टाइप केलं त्याचं काय? – असो. तसा तुझ्याआधी पान वर आणून देतो म्हणून फोन करायचा तो माणूस बरा होता, 'पहिला नंबर, लेखी हमी' म्हणायचा. आमच्या लीननं त्याला वाटेला लावलं आणि तुला पाठवलं. मी लेकीला म्हटलं, तो हमी देतो, आणि तुझी टेगन नुसती 'बघू, वेळ लागेल' म्हणते. लीन म्हणाली, म्हणूनच.

माझ्या वर कोण आहे? – हो, हॅलमच. क्लेम हॅलम, बेअर्न्सडेलला त्याचंही असंच वसतिगृह आहे. भाऊ, धाकटा. पण त्याचं कारण मला शिकवू नकोस, ते मला ठाऊक आहे – मीच त्याला वर चढवलाय. रोज जाते ना त्याच्या पानावर. जितकं उघडावं तितकं पान वर सरकतं. – नाही? एका बाईच्या बघण्यानं काही हलत नाही? मग बरंच झालं, उगाच मनाला लागून राहिलं होतं. नाही गं, त्याच्या वाईटावर नाही मी. हेरगिरी समज. फोटो बघते नुसते. कुत्र्यांबरोबर नवेनवे टाकत असतो. मागच्या महिन्यात हातात काठी दिसली. गुडघा असणार, आमच्या वडिलांचाही तोच गेला होता. पण कोट नवा होता, म्हणजे कोणीतरी लक्ष देतंय त्याच्याकडे. एकटा असताना तो कोट कसला घेतोय.

बोलत नाही आम्ही. त्यात काय विचारायचं? वडील गेल्यावर त्यांचा म्हातारा कुत्रा माझ्याकडे राहिला, बोसन. मी ऑपरेशनसाठी मेलबर्नला होते, क्लेमवर सगळं सोपवून – आणि त्यानं बोसनला डॉक्टरकडे नेऊन ते शेवटचं इंजेक्शन देववलं. माझी वाट न बघता. म्हणाला, तो विव्हळत होता, नोरीन. असेल. विव्हळत असेलच. आमच्या घरात कुत्र्यांचं खरं कळायचं ते त्यालाच. पण मी दारातच सांगितलं, पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस – आणि तो इतका मूर्ख की त्यानं ऐकलं.

तू एवढं काय शोधतेयस? लोक माझ्यापर्यंत कुठून येतात ते? कुठून येणार, त्या पांढऱ्या अक्षरांतून. – नाही? मग? त्याच्या पानावरून? अगं, तिथं नुसते फोटो आहेत. अगदी तळाशी? मी कशाला तळाशी जातेय, फोटो वरच असतात. वाच. मोठ्यानं वाच, माझा चष्मा कुठं गेला कोण जाणे. – 'आमच्याकडे जागा नसेल तर मॅफ्राला माझ्या बहिणीकडे न्या. ती माझ्यापेक्षा चांगलं सांभाळते.' आणि त्यावर बोट ठेवलं की माझं पान उघडतं.

हे कधीपासून आहे? – पानाची जुनी रूपं कुठंतरी जपलेली असतात? बघ मग. – पहिल्यापासून. पण पान तर त्यानं भांडण झाल्यावर सुरू केलं, टेगन. म्हणजे नाताळात माझ्या सगळ्या खोल्या भरतात त्या त्याच्यामुळे – आणि मी त्याबद्दल डेसला बिअर पाजत होते.

नाही, काही होत नाहीये मला. ती पांढरी अक्षरं पुसून टाक सगळी. आणि माझ्या पानावर त्याचं नाव घालता येईल? दोघांनाही फायदा होईल? फायद्याचं राहू दे गं, तू घाल. लिही, 'मॅफ्राला जागा नसेल तर' – नको, थांब. आधी त्याला विचारायला हवं. नंबर खाली दिलाय? वाचू नकोस. पाठ आहे मला.

तू नीघ आता, टेगन. बाकीचं सोमवारी. आणि जाताना दार लावून घे – मी बोलत असताना कोणी ऐकत बसलेलं मला आवडत नाही.