पुढची गाडी हलली की निघू

...आणि वर पाटी काय, तर ‘वाहनांना हात लावू नये’! अहो, न लावून जायचं कुठून? एवढीशी शेड, त्यात जुन्या लष्करी गाड्या खेटून उभ्या, तुम्हाला सांगतो, पोट आत ओढून सरकत होतो मी! आता मला सांगा, माणसानं करायचं काय?

हौस माझी नव्हती हो! आमचे बाबा सैन्यात ट्रक चालवायचे. आई गेली आणि बाबांचं बोलणंच थांबलं. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात, शब्द म्हणून नाही! बायको म्हणाली, “अहो, ते खाजगी म्युझियम आहे ना, तिथे तरी न्या, दोन शब्द बोलतील...” नेलं!

मालक मूळचा भंगारवाला. भंगार विकवेना म्हणून म्युझियम काढलेला माणूस! “हा रणगाडा बघा! हा नट बघा, मूळचा नट! तो नको, तो नवा आहे, त्याच्याकडे बघू नका!” बोलायचं कुणी, तर बोलतोय कोण!

इतक्यात रणगाड्यामागे ट्रक दिसला. बाबा थबकले, बॉनेटवरून हात फिरवला आणि... चढले की वर! दार धाडकन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर!

“उतरवा त्यांना! सीट मूळची आहे!” मालकाच्या तोंडाला फेस.

“बाबा, उतरा ना...”

आणि बाबा बोलले! बोलले हो! “ताफ्यात ड्रायव्हरनं गाडी सोडायची नसते. पुढची हलली की निघू.”

मला रडावं की नाचावं कळेना! मालकाला बाजूला घेतलं. “अहो, तेवढा रणगाडा चार पावलं पुढे घ्या ना!”

“कसा घेऊ? इंजिनच नाही त्याला! क्रेननं आणून ठेवला, शेड मागाहून बांधली!”

आता मला सांगा, माणसानं करायचं काय? विनवलं, दटावलं, शेड बंद व्हायची वेळ झाली... बाबा ढिम्म! नजर रणगाड्यावर. मग हळूच म्हणाले, “तुझ्या आईला सांग, उशीर होईल.”

...

चढलो. बाजूला बसलो. दार ओढून घेतलं.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली... सावकाश या.”

बाबांनी मान हलवली. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला हो! आता मला सांगा, माणसानं करायचं काय?

मालकही ओरडून ओरडून दमला, दिवे मालवले, अंधारात चाचपडत ट्रकच्या मागच्या फळीवर चढला आणि म्हणाला, “रणगाडा हलला तर मलाही उठवा.”